वकीलपत्र कोणाचे?



मागच्या जिल्हा बैठकीत एका प्रश्नावर दोन तास गेले आणि निर्णय झाला नाही. एक वकीलसाहेब पाठिंबा मागायला आले होते. गाव आपल्याच भागातले, वडिलांची जमीन कोरडवाहू, शिक्षण पुण्याला आणि नोकरी हिंजवडीत, एका मोठ्या कंपनीच्या कायदा विभागात. कंपनीने जागा घेतली की तिचे जुने फेरफार तपासायचे, करारनामे लिहायचे, दावा लागला तर कंपनीची बाजू तयार करायची, हे त्यांचे रोजचे काम. राहतात त्या भागात रस्ता, पाणी, कचरा यासाठी त्यांनी धडपड केली, निवेदने दिली, अधिकाऱ्यांना हिशेब विचारले. एकदा निवडणुकीला उभे राहून पडलेही. आता पुन्हा विधानसभेला उभे राहायचे म्हणतात. नाव छापत नाही, कारण भांडण नावाशी नाही.

बैठकीत दोन तट पडले. एक म्हणाला, "कंपनीचा वकील तो. आयुष्यभर कंपनीचे मीठ खाल्ले, सभागृहात जाऊन आपली बाजू काय मांडणार?" दुसरा म्हणाला, "आजवर आपल्या मातीतले, आपल्या जातीचे, आपल्या भावकीतले पाठवले. त्यांनी काय दिवे लावले? निदान याला कायदा वाचता येतो." दोघांचेही म्हणणे खरे होते आणि म्हणूनच निकाल लागला नाही. शेवटी आम्हाला सांगण्यात आले की या प्रश्नावर काही लिहा, म्हणजे पुढच्या बैठकीत ठराव करता येईल.

म्हणून आम्ही आधी हिंजवडी पाहून आलो. आपल्या भागातली कितीतरी पोरे तिथे आहेत. कोणी संगणकावर, कोणी गाडीच्या चाकावर, कोणी फाटकावर पहारेकरी. मुळशी तालुक्यातले हे गाव. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीला औद्योगिक विकास महामंडळाने इथे संगणक उद्योगाची वसाहत उभी करायला सुरुवात केली. आज जिथे काचेच्या इमारती आहेत तिथे शेते होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला बोट दाखवून सांगितले, "ही आमची. आधी गेली, म्हणून सरकारी दराने गेली. ज्याची मागे राहिली त्याने बाजारभावाने विकली. तो बंगल्यात आहे, मी इथे बाकावर." पाऊस पडला की रस्त्यावर गुडघाभर पाणी. आणि तो रस्ता कोणाचा, यावर ग्रामपंचायत, औद्योगिक महामंडळ आणि महानगर प्राधिकरण वर्षानुवर्षे एकमेकांकडे बोट दाखवत आलेले.

याच मुळशीत १९२१ साली टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली मावळ्यांच्या जमिनी घेतल्या. रामनवमीला, १६ एप्रिलला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यात 'सेनापती' झाले. धरण मात्र झालेच. म्हणजे शंभर वर्षांत तालुका तोच राहिला आणि रीतही तीच. कंपनीला जमीन हवी असली की सरकार मध्ये उभे राहते आणि शेतकऱ्याला 'विकतोस का' असे कोणी विचारत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वकील, शहरात राहणारा, धनिकांची कामे करणारा, नगरपालिकेच्या कारभारात मुरलेला, असा माणूस शेतकऱ्याच्या कामाचा असू शकतो का? या प्रश्नाला या प्रांतात एक जुने उत्तर आहे. ते मराठी शेतकऱ्याला कोणी नीट सांगितलेले नाही.

सर फिरोजशहा मेहता. जन्म मुंबईत, १८४५. विलायतेत जाऊन १८६८ साली बॅरिस्टर होऊन आले. काठेवाडचे संस्थानिक आणि मोठमोठे आसामी त्यांचे अशील. १९११ साली सेंट्रल बँक निघाली तेव्हा तिच्या संचालक मंडळाचे पहिले अध्यक्ष तेच. राहणी थाटाची. टिळकांच्या राजकारणाला त्यांनी कडवा विरोध केला. या माणसाने कधी तिफण धरली नाही, वखराची पाळी दिली नाही. आपल्या बैठकीत ते आले असते तर पहिल्या तटाने त्यांना बाकावर बसू दिले नसते.

पण त्यांचे सार्वजनिक आयुष्य पाहा. मुंबई शहराच्या कारभारात १८७१ च्या सुमारास पैशाची उधळपट्टी झाली म्हणून आरडाओरड उठली. सगळे म्हणाले, आयुक्ताला हाकला. या तरुण बॅरिस्टराने कायदा उघडून वाचला आणि सांगितले की दोष एका आयुक्ताचा नाही. जे कर भरतात त्यांना कारभारी निवडता येत नाहीत, हा खरा दोष. १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या कॉर्पोरेशनात ६४ सभासद आले आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. १८८८ चा मुंबईचा महापालिका कायदा घडवण्यातही मेहतांचा मोठा हात होता. १८८४, १८८५ आणि १९०५ अशी तीन वर्षे ते कॉर्पोरेशनचे अध्यक्ष राहिले. आज कॉर्पोरेशनच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा आहे.

१८९३ साली कॉर्पोरेशनने त्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून पाठवले. तिथून ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलातही गेले. तिथे १८९५ साली पोलिस कायद्याची दुरुस्ती आली. दंगा झालेल्या गावावर जादा पोलिस बसवायचे आणि त्यांचा खर्च गावकऱ्यांकडून वसूल करायचा. कोणी किती भरायचा ते कोर्टात चौकशी न होता साहेबाने ठरवायचे. मेहतांनी याला कडाडून विरोध केला. तेव्हा सरकारी बाकावरचे वेस्टलंड चिडून म्हणाले की या गृहस्थांनी सभागृहात एक नवीच वृत्ती आणली आहे. वृत्ती नवी होतीच. त्याआधी तिथे बसणारे बहुतेक जण मान हलवण्यापुरतेच होते.

आता आपल्या कामाची गोष्ट. साल १९०१. १८९६-९७ चा दुष्काळ सोसून झालेला, वर १८९९-१९०० चा, ज्याला आपले आजे-पणजे छप्पनचा दुष्काळ म्हणत. गुरे मेली, माणसे मेली, सारा मात्र थकीतच राहिला. सारा थकला म्हणून हजारो शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारजमा होण्याच्या घाटात आल्या. अशा वेळी मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. काय होते त्यात? साऱ्यापायी सरकारजमा झालेली जमीन सरकार शेतकऱ्याला पुन्हा देईल, पण एका शर्तीवर. कलेक्टरच्या परवानगीवाचून ती विकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही. कारण सांगितले ते मोठे गोड. सावकारापासून शेतकऱ्याचे रक्षण!

ऑगस्ट १९०१ मध्ये पुण्यात कौन्सिलाची बैठक भरली. गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट अध्यक्षस्थानी. मेहतांनी सूचना मांडली की विधेयकाची घाई करू नका, आधी लोकांची मते घ्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनी दाखवून दिले की शेतकरी कर्जात बुडतो त्याचे मूळ साऱ्याच्या बोज्यात आणि कंगाल उत्पन्नात आहे. जमिनीची पत काढून घेतली तर त्याला कर्ज मिळणे बंद होईल, पण कर्जाची गरज बंद होणार नाही. प्रयोगच करायचा तर एखाद्या लहान मुलखात करा आणि त्याला स्वस्त कर्जाची सोय जोडा. सरकारी बाकांवर मते ठरलेलीच होती. सूचना पडली. तेव्हा फिरोजशहा मेहता उठले आणि सभागृहातून चालते झाले. गोखले आणि आणखी काही सभासदही बाहेर पडले. त्या काळात कौन्सिलातून असे उठून जाणे कोणी ऐकले नव्हते.

इंग्रजांच्या बाजूने लगेच ओरड झाली की हे सावकारांचे वकील. हा आरोप आपणही नीट तोलला पाहिजे, कारण आपल्या आज्याने सावकाराचा जाच सोसलेला आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, ती काही गंमत म्हणून नाही. पण आम्ही शेतकीचे पदवीधर आहोत आणि आम्हाला वर्गात पहिल्यांदा हेच शिकवले की लक्षण वेगळे आणि कारण वेगळे. कपाशीचे पान लाल पडले की आपण पाठीला पंप लावतो. लाल्या ही काही पंपाने मरणारी कीड नव्हे. बोंडे भरायच्या वेळी झाडाला नत्र, मॅग्नेशियम पुरेसे मिळाले नाही की पान लाल पडते. औषध कितीही फवारले तरी पान हिरवे होत नाही, दुकानदाराची उधारी तेवढी वाढते. १९०१ चा कायदा हा असाच फवारा होता. सारा कमी केला नाही, दुष्काळात वसुली सोडली नाही, मालाला भाव दिला नाही. फवारणी केली ती शेतकऱ्याच्या मालकीवर.

मेहता बाहेर पडले तरी कायदा मंजूर झालाच. आणि तो मेला नाही. कोणी म्हणेल, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कौन्सिलाचे आज काय? तर आपापला सातबारा काढून पाहा. किती जणांच्या नावापुढे 'भोगवटादार वर्ग २' लिहिले आहे? ज्याला आपण 'नवीन शर्त' म्हणतो, तिचा वंश थेट त्या १९०१ च्या शर्तीपर्यंत जातो. इंग्रज गेला, स्वराज्य आले, १९६६ साली महाराष्ट्राचा स्वतःचा जमीन महसूल कायदा झाला. शर्त तीच. कलेक्टरची परवानगी घ्या, नजराणा भरा, तलाठ्यापासून वरपर्यंत फाइलीच्या मागे हिंडा. कूळकायद्याच्या जमिनीपुरती २०१४ साली थोडी वाट मोकळी झाली. खरेदीला दहा वर्षे झाली असली तर आकाराच्या चाळीस पट भरून सुटका होते. बाकीच्यांच्या गळ्यातले दावे तसेच.

आणि आता या दाव्याचे दुसरे टोक पाहा. १९५१ साली घटनेची पहिली दुरुस्ती झाली आणि नववे परिशिष्ट आले. त्यात घातलेल्या जमिनीच्या कायद्यांविरुद्ध शेतकऱ्याला कोर्टाचे दार लावून घेतले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनच काढला. २०१३ साली नवा भूसंपादन कायदा आला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती हवी, असे त्यात लिहिले. आपण टाळ्या वाजवल्या. २०१८ साली महाराष्ट्राने दुरुस्ती करून १९६१ चा औद्योगिक विकासाचा कायदा त्या संमतीच्या अटीबाहेर ठेवला. ज्या कायद्याने औद्योगिक वसाहती होतात तोच मोकळा सुटला!

हिशेब सरळ आहे. आपल्याला आपली जमीन विकायची म्हटले तर सरकारची परवानगी लागते. सरकारला आपली जमीन घ्यायची म्हटले तर आपली परवानगी लागत नाही. मुलीच्या लग्नाला, विहिरीला, दवाखान्याला दोन एकर विकू म्हणणारा शेतकरी अडाणी, त्याचे रक्षण करायला कलेक्टर. आणि तीच जमीन वसाहतीसाठी गेली की रक्षण करणारा कलेक्टरच मोजणीदार घेऊन बांधावर उभा. कुंपणानेच शेत खायचे तर शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागायची?

२०१८ ची दुरुस्ती झाली तेव्हा तुमच्या मतदारसंघाचा आमदार कुठे होता, त्याने हात वर केला की खाली ठेवला, हे त्यालाच विचारा. तो आपल्या मातीतला होता, त्याच्या बापाने पऱ्हाटी उपटली होती, प्रचाराच्या सभेत त्याने हुरड्याची आठवणही काढली असेल. मेहतांना शेतकऱ्याने मत दिले नव्हते. ते शहराचे प्रतिनिधी होते. गप्प बसले असते तर त्यांचा एक अशीलही गेला नसता. तरी ते उठले. ज्याला आपले मत नव्हते तो उठला, आणि आपल्या मतांवर गेलेले बसून राहिले. आमचे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे.

म्हणून आमचे पहिल्या तटाला सांगणे असे की उमेदवाराचा धंदा पाहू नका. कंपनीचा वकील म्हणून तो वाईट ठरत नाही. करारात कुठे फट ठेवतात, 'सार्वजनिक हित' या दोन शब्दांत काय काय दडवतात, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. दुसऱ्या तटाला सांगणे असे की नुसता शिकलेला म्हणून तो चांगलाही ठरत नाही. १९०१ चा कायदा लिहिणारेही शिकलेलेच होते. वकिलाला एकच प्रश्न विचारायचा असतो, वकीलपत्र कोणाचे? पुढच्या बैठकीत ते साहेब आले की त्यांना चार गोष्टी उभ्याने विचाराव्यात.

एक. वर्ग २ च्या शेतजमिनी नजराण्याशिवाय वर्ग १ करण्याचे अशासकीय विधेयक तुम्ही पहिल्या वर्षात मांडाल का? मसुदा आजच लिहून द्या. तुम्ही वकील आहात, तुम्हाला एका रात्रीचे काम आहे.

दोन. औद्योगिक वसाहतीसाठी जमीन घेताना संमतीची अट पुन्हा लागू करण्याची मागणी तुम्ही उघड सभेत कराल का? ती सभा आमच्या गावात नको, हिंजवडीत घ्या. तुमचे मालक ऐकतील अशा ठिकाणी.

तीन. निवडून आल्यावर कंपन्यांची कामे चालू ठेवणार का? ठेवणार असाल तर कोणाकोणाची, ती यादी दरवर्षी छापून द्याल का? जिथे कंपनी आणि शेतकरी समोरासमोर येतील तिथे तुम्ही कोणत्या बाजूला बसाल?

चार. आणि हा सगळ्यांत अवघड. मेहतांच्या काळी पक्षाचा व्हिप नव्हता. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला. आज पक्षाने व्हिप काढला आणि सभासद विरोधात गेला किंवा मतदानाला गैरहजर राहिला, तर त्याची जागा जाऊ शकते. म्हणजे शेतकऱ्याच्या जमिनीसाठी सभागृहातून उठणे आज १९०१ पेक्षा महाग झाले आहे. साहेब, तुम्ही ती किंमत द्याल का?

या चौथ्या प्रश्नाचे उत्तर ते देतील न देतील. पण तो प्रश्न त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त लागू आहे. मेहतांच्या चरित्रातला आणखी एक प्रसंग ऐका. १९०७ साली मुंबईच्या कॉर्पोरेशनची निवडणूक होती. मेहता फार डोईजड झाले म्हणून अकाउंटंट जनरल हॅरिसन आणि त्यांच्या गोऱ्या मित्रांनी गट बांधला. जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी निवडायच्या जागा १६. मेहतांचा नंबर आला १७ वा. छत्तीस वर्षे शहराची सेवा केलेला माणूस पडला! पुढे निवडून आलेला एक जण अपात्र ठरला आणि ती जागा मेहतांना मिळाली, म्हणून अब्रू राहिली. जो सरकारला अडवतो त्याला पाडायला सगळे एकत्र येतात, हे त्यातले शिकण्यासारखे. तुमच्या उमेदवाराला पाडायला कोण कोण धावते, ते पाहूनही त्याची किंमत कळते.

समजा उद्या आपला वकील खरेच उठला. व्हिप मोडला, जागा गेली, पोटनिवडणूक लागली. तो पुन्हा आपल्या दारात आला. समोरच्याने गाड्या लावल्या, जेवणावळी घातल्या, रात्री पाकिटे फिरवली. तेव्हा आपण कुठे असू? वेचणीच्या दिवसांत एक दिवस मजुरी बुडवून त्याच्यासाठी बूथवर बसू का? की 'पडलेल्याला मत देऊन फुकट घालवायचे कशाला' म्हणून पाकीट खिशात घालू? आपण दुसरे उत्तर देणार असू, तर त्याला उठायला सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. आणि मग जे हात वर करून बसून राहतात त्यांना शिव्या घालण्याचाही नाही.

मेहता हरले कारण त्यांच्यामागे शेतकऱ्याचे मत नव्हते. ते मत आज आपल्याकडे आहे. तेव्हा पुढच्या बैठकीत ठराव उमेदवाराच्या नावाचा नको. ठराव दोन कलमांचा असावा. त्याच्याकडून लेखी घ्यायचे, की जमिनीच्या प्रश्नावर तो उठेल. आणि आपण गावोगाव सह्या करून लेखी द्यायचे, की उठल्यामुळे जागा गेली तर त्याला पुन्हा आपणच निवडून देऊ. दोन्ही कागद एकाच दिवशी, एकाच बैठकीत, सगळ्यांच्या समोर. करारनाम्याला दोन पक्ष लागतात, हे तर त्या वकीलसाहेबांना कोणी शिकवायला नको.

येताना प्रत्येकाने आपला सातबारा बरोबर आणावा. वर्ग २ वाल्यांची गाववार यादी तिथेच करू. बैठकीला या आणि मायबहिणींनाही बरोबर आणा. सातबारा घरधन्याच्या नावावर असला तरी त्या जमिनीचे तण त्यांनीच काढलेले आहे.